शून्य कुठे ठेवलंस?

दारावर लावायची नावाची पाटी हा टेबलावरच्या छोट्या सीएनसी मिलिंग यंत्रावरचा अनेकांचा पहिला जॉब असतो. माझाही तोच होता. अक्षरं खोल उतरली होती, कडा स्वच्छ होत्या आणि शिरोरेखा पायाशी होती. वाटलं, फळीच उलटी धरली असेल. फिरवून पाहिली. शिरोरेखा वर आली खरी, पण आता ‘ग’चा काना डावीकडे गेला आणि अख्खं नाव आरशात पाहावं तसं उजवीकडून डावीकडे पळू लागलं. फळी कशीही धरा, नाव काही सरळ होईना. शेजारच्या काकांनी भोसरीत मिलिंग मशीनवर तीस वर्षं काढलेली. त्यांनी पाटी हातात घेतली, एकदाच पाहिली आणि विचारलं, "वायची दिशा बदललीस का रे तू?"

बदलली होती.

झालं होतं असं. यंत्र जोडून झाल्यावर मी ‘वाय अधिक’चं बटण दाबलं. वाटलं होतं, बेड माझ्यापासून लांब जाईल. तो माझ्याकडे आला. म्हटलं, दिशा उलटी बसली आहे, आणि सेटिंगमध्ये जाऊन ती पालटून टाकली. म्हणजे यंत्र बरोबर होतं, ते मी बिघडवलं. या क्षेत्रातला संकेत असा आहे की अक्षाची दिशा नेहमी टूलच्या बाजूने सांगायची. जॉब जागच्या जागी आहे आणि टूलच त्याच्यावरून हिंडतंय असं धरायचं, मग प्रत्यक्षात सरकणारी वस्तू कोणतीही असो. माझ्यासारख्या ‘३०१८’ यंत्रात (बेड साधारण ३०० बाय १८० मिलिमीटरचा, म्हणून हे नाव) एक्स आणि झेड अक्षांवर स्पिंडल सरकतो, पण वाय अक्षावर बेड सरकतो. टूलला जॉबच्या मागच्या कडेकडे जायचं असेल तर बेडला पुढे, आपल्याकडे यावं लागतं. स्टेशनात शेजारची लोकल सुटली की आपलीच गाडी मागे निघाल्याचा भास होतो, तसलाच हा प्रकार.

काकांनी मला उजवा हात पुढे करायला लावला. तळवा वर, अंगठा उजवीकडे, तर्जनी समोर, मधलं बोट छताकडे. अंगठा म्हणजे एक्स अधिक, तर्जनी वाय अधिक, मधलं बोट झेड अधिक. "टूल या बोटांच्या दिशेनं जातंय का, एवढंच बघ. टेबलाकडे बघूच नकोस."

मिलिंग मशीनला आकड्यांवर चालवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत एमआयटीने १९५२ मध्ये असं मशीन चालवून दाखवलं, तेव्हा आकडे भोकं पाडलेल्या कागदी फितीवरून वाचले जात आणि नियंत्रणासाठी व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेली कपाटं शेजारी उभी करावी लागत. आज तेच काम आर्डुइनोच्या जातीचा, तळहाताएवढा बोर्ड करतो. त्यात बहुधा जीआरबीएल नावाचं फर्मवेअर असतं. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी ते २००९ मध्ये लिहिलं, आणि हौशी लोकांच्या यंत्रांत ते आता इतकं रुळलं आहे की खाली दिलेले क्रमांक बहुतेकांना आपल्या पडद्यावर तसेच दिसतील.

एक गोष्ट मात्र या बोर्डाकडे नाही: डोळे. टूल कुठे आहे हे तो पाहत नाही. मोटरला किती ठोके दिले याची फक्त मोजणी ठेवतो. स्टेपर मोटर अडकली, घसरली, कोणी हाताने दांडा फिरवला, तरी त्याला पत्ता लागत नाही. मोठ्या कारखान्यातल्या मशीनला सर्व्हो मोटर आणि तिची जागा परत कळवणारा एन्कोडर असतो; आपल्या यंत्राला तो नसतो. त्यामुळे पडद्यावरचा ‘एक्स ४२.५००’ हा आकडा म्हणजे यंत्राची समजूत आहे. ती समजूत तीन गोष्टींवर उभी असते: शून्य कुठे, अधिक कुठल्या बाजूला आणि मिलिमीटर केवढा. कोऑर्डिनेटची बहुतेक भांडणं या तिघांपैकी एकावरून होतात, आणि कोणावरून झालं हे जॉबकडे नीट पाहिलं तर कळतं.

दिशेचं भांडण ओळखायला मराठी माणसाला फुकटात एक उत्तम साधन मिळालेलं आहे. कटर काढून कोलेटमध्ये बॉलपेनची रिफिल बसवा (सैल वाटली तर टेपचे दोन वेढे द्या), बेडवर पुठ्ठा चिकटवा, स्पिंडल बंद ठेवा आणि ‘ग’ हे एकच अक्षर काढा. या अक्षराची शिरोरेखा वर आणि काना उजवीकडे असतो, त्यामुळे वर-खाली आणि डावं-उजवं दोन्ही लगेच दिसतं. काना डावीकडे आला आणि शिरोरेखा वरच राहिली, तर एक्स उलटा. शिरोरेखा खाली आली आणि काना उजवीकडेच राहिला, तर वाय उलटा. माझी पाटी यातली. शिरोरेखा खाली आणि काना डावीकडे, तर दोन्ही उलटे. गंमत अशी की या शेवटच्या प्रकारात कागद फिरवला की अक्षर सरळ वाचता येतं, म्हणून तो कितीतरी दिवस लक्षातच येत नाही. एक अक्ष उलटला तर आरसा, दोन उलटले तर नुसता फेरा. इंग्रजी ‘ओ’ किंवा ‘एक्स’ काढून तपासणाऱ्यांना यातलं काहीच दिसणार नाही.

दुरुस्ती $३ या सेटिंगमध्ये होते. एक्सचा १, वायचे २, झेडचे ४; ज्या अक्षांच्या दिशा पालटायच्या त्यांची बेरीज करून लिहायची. याच हिशोबाचं $२३ नावाचं भावंड आहे, आणि त्या दोघांत गल्लत होते. $२३ अक्षाची दिशा बदलत नाही. होमिंग करताना, म्हणजे टोकाचे स्विच शोधून स्वतःची जागा ठरवताना, यंत्राने कुठल्या टोकाकडे जायचं एवढंच ते ठरवतं. आधी $३ पक्कं करावं, मग $२३ ला हात लावावा. उलट क्रमाने गेलं की एक चूक दुसरीला झाकते आणि दोन्ही सापडत नाहीत. काही जण याहून सोपा तोडगा काढतात: चित्रच संगणकावर आरशात पालटून घेतात. पाटी सरळ निघते, माणूस खूश. पण यंत्रात घड्याळाच्या दिशेचं वर्तुळ अजूनही उलट्या दिशेने फिरत असतं, क्लाइंब कट म्हणून आखलेला मार्ग प्रत्यक्षात कन्व्हेन्शनल होतो (कटरचं फिरणं आणि सरकणं यांचा मेळ उलटतो) आणि लाकडाच्या कडेला तूस का निघते याचं कोडं पुढे महिनाभर सुटत नाही.

आता शून्याकडे येऊ. सगळ्यात जास्त घोळ इथेच आहेत.

लिमिट स्विच असलेलं यंत्र होमिंग करतं तेव्हा आधी झेड वर जातो, मग एक्स आणि वाय उजव्या मागच्या कोपऱ्याकडे सरकतात, स्विच दाबले जातात, यंत्र थोडंसं, समजा एक मिलिमीटर, मागे येतं आणि पडद्यावर तिन्ही अक्षांना उणे १.००० दिसतं. स्विच दाबले गेले ती जागा म्हणजे यंत्राचं स्वतःचं शून्य. ते उजव्या मागच्या वरच्या टोकाला आहे, म्हणजे बेडवरची प्रत्येक जागा त्याच्या डावीकडे, पुढे आणि खाली येते. म्हणून सगळे आकडे उणे. नव्या माणसाला ‘एक्स उणे २०५’ पाहून वाटतं की काहीतरी बिघडलंय. काही बिघडलेलं नसतं. होमिंग डाव्या टोकाला करून घेतलं तरी जीआरबीएल आपला हट्ट सोडत नाही. ३०० मिलिमीटरच्या अक्षावर ते त्या टोकाला उणे २९९ दाखवतं. या उणे आकड्यांपायी मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ सेटिंगं पालटण्यात घालवली आहे.

नागपुरात झिरो माईलचा दगड आहे. पण कोणी नागपूरकर घरचा पत्ता त्या दगडापासूनच्या मैलांत सांगत नाही; चौकातल्या मारुतीपासून तिसरी गल्ली, असं सांगतो. यंत्राचंही तसंच. यंत्राचं शून्य हा तो दगड, आणि आपण जॉबच्या कोपऱ्यावर जे शून्य घेतो तो मारुती. मारुती दगडापासून किती लांब आहे हे एका कप्प्यात लिहून ठेवलेलं असतं. कप्प्याचं नाव जी५४. असे सहा कप्पे आहेत, जी५४ ते जी५९. समजा जॉबचा डावा पुढचा कोपरा यंत्राच्या हिशोबाने एक्स उणे २१० ला आहे. शून्य घेतलं की जी५४ मध्ये उणे २१० नोंदलं जातं. पुढे टूल यंत्राच्या उणे २०० ला गेलं की पडद्यावर जॉबचा एक्स १० दिसतो, कारण उणे २०० मधून उणे २१० वजा केले की १० उरतात. एवढं एक गणित डोक्यात बसलं की पडद्यावरचे दोन वेगळे आकडे एकमेकांशी भांडत नाहीत.

मग ‘अलार्म २’ चाही अर्थ लागतो. जॉब १२० मिलिमीटर रुंद आहे आणि कोपरा घेतला यंत्राच्या उणे ६० ला, तर उजवी कड अधिक ६० ला जाते. म्हणजे बेडच्या बाहेर, जिथे यंत्र पोचूच शकत नाही. सॉफ्ट लिमिट ही अडवणूक चालू असेल तर फर्मवेअर हा अलार्म देऊन आधीच नकार देतं. लोक चिडून सॉफ्ट लिमिटच बंद करतात. त्यापेक्षा जॉब पंधरा सेंटिमीटर डावीकडे सरकवून परत शून्य घेणं सोपं.

स्वस्त ३०१८ यंत्रांना बऱ्याचदा लिमिट स्विचच नसतात, आणि मग एक विचित्र गोष्ट घडते. वीज चालू करताना टूल जिथे असेल, तीच जागा यंत्र आपलं शून्य मानतं. दगडच रोज नव्या जागी. पण जी५४ ची नोंद मात्र बोर्डाच्या कायमच्या स्मृतीत राहते, कालची. म्हणजे मारुती ‘दगडापासून अमुक अंतरावर’ हे लक्षात आहे, आणि दगड हललेला आहे. काल रात्री शून्य घेऊन, यंत्र बंद करून, सकाळी थेट फाइल चालवणाऱ्याचा कटर क्लॅम्पवर जातो तो यामुळे. स्विच नसतील तर शून्य रोज घ्यायचं, यावर दुसरा उपाय नाही. $# टाइप केलं की सगळ्या कप्प्यांतल्या नोंदी पडद्यावर येतात. शंका आली की पहिली नजर तिथे टाकावी.

त्या यादीत जी९२ नावाची आणखी एक ओळ दिसते. तिच्याबद्दल माझं मत चांगलं नाही. जी९२ हे सहाही कप्प्यांच्या वर पसरलेलं एक तात्पुरतं सरकवणं आहे. यंत्र चालवणारी काही सॉफ्टवेअरं ‘शून्य घ्या’च्या बटणामागे जी५४ ची नोंद बदलण्याऐवजी जी९२ वापरतात. जीआरबीएलमध्ये ते रीसेटनंतर पुसलं जातं. जॉब अर्ध्यात थांबवला, रीसेट दाबलं, पुन्हा सुरू केलं, आणि सगळं वीस मिलिमीटर बाजूला! यादीत जी९२ पुढे शून्याखेरीज काही दिसलं तर जी९२.१ देऊन ते साफ करावं आणि शून्य जी१० एल२० पी१ ने, म्हणजे थेट जी५४ मध्ये घ्यावं.

कधी नोंद बरोबर असते, पण फाइल दुसराच कप्पा उघडते: शून्य जी५४ मध्ये घेतलंय आणि फाइलच्या सुरुवातीला जी५५ लिहिलंय. कधी संगणकावर आखणी करताना शून्य जॉबच्या मधोमध ठेवलेलं असतं आणि यंत्रावर आपण ते कोपऱ्यावर घेतो. मग तीन चतुर्थांश नक्षी हवेत कोरली जाते. काकांचा ठरलेला प्रश्न, "कॉम्प्युटरवर शून्य कुठे ठेवलंस?" मी उत्तर द्यायला अडखळलो तर ते चहा घ्यायला निघून जातात.

कड शोधून देणारा एज फाइंडर नसेल तर कटरनेच कडेला स्पर्श करून शून्य घेतात. त्यात त्रिज्या विसरायची नाही. ३ मिलिमीटरचा कटर डाव्या कडेला टेकला तेव्हा स्पिंडलचा मध्य कडेच्या १.५ मिलिमीटर बाहेर असतो. त्या जागेला शून्य नाही, उणे १.५ म्हणायचं. सगळा जॉब बरोबर दीड मिलिमीटरने सरकलेला दिसला तर दुसरीकडे शोधायची गरज नाही.

एक्स-वाय चुकले तर लाकूड वाया जातं. झेड चुकला तर कटर तुटतो, बेडला खड्डा पडतो. टूल बदललं की एक्स-वाय तेच राहतात, कारण स्पिंडलचा मध्य हललेला नसतो, पण नवीन टूल कोलेटमधून कमी-जास्त बाहेर आलेलं असतं, म्हणून झेड पुन्हा घ्यावा लागतो. कागदाची पद्धत सगळ्यात साधी: टूलखाली कागद सरकवत टूल अगदी थोडं थोडं खाली आणायचं, कागद अडला की थांबायचं. कागद साधारण ०.१ मिलिमीटरचा, तेवढा हिशोबात धरायचा. टच प्लेट वापरणारे प्लेटची जाडी मॅक्रोत लिहून ठेवतात: टूल प्लेटला टेकलं की यंत्राला सांगायचं, ही जागा जॉबपासून १५ मिलिमीटर वर आहे. उत्तम सोय आहे. पण एखाद्या दिवशी प्लेट सापडत नाही म्हणून टूल थेट लाकडाला टेकवलं आणि बटण मात्र नेहमीचंच दाबलं, तर यंत्राच्या समजुतीने लाकडाचा पृष्ठभाग १५ मिलिमीटर खाली गेला. पुढच्या मिनिटाला ते तिथे पोचायला निघतं. आखणीत शून्य लाकडाच्या माथ्यावर आणि यंत्रावर बेडवर घेतलं, तरी हेच होतं. म्हणून कारखान्यातली जुनी सवय घरीही पाळावी: झेडचं शून्य मुद्दाम वीसेक मिलिमीटर वर घेऊन फाइल एकदा हवेत चालवायची. बोट रीसेटवर ठेवून.

मिलिमीटरचा प्रश्न त्या मानाने सरळ आहे. मोटरचा एक फेरा म्हणजे २०० पायऱ्या, ड्रायव्हर प्रत्येकीचे १६ भाग करतो, म्हणजे ३२०० ठोके. लीडस्क्रूचा एक फेरा नटाला ४ मिलिमीटर पुढे नेत असेल तर मिलिमीटरला ८०० ठोके. ८ नेत असेल तर ४००. ही संख्या $१००, $१०१ आणि $१०२ मध्ये राहते. फसगत होते ती आट्यांमध्ये: शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर २ मिलिमीटर भरतं, पण आट्यांच्या दोन किंवा चार धारा गुंफलेल्या असल्या तर एका फेऱ्यात नट ४ किंवा ८ सरकतो. जॉब नेमका दुप्पट किंवा निम्मा आला तर इथे नाहीतर ड्रायव्हरच्या जंपरवर बघावं. नेमका २५.४ पटीचा फरक असेल तर फाइल इंचातली आहे, जी२० आणि जी२१ ची गल्लत. आणि १०० सांगून ९९.२ भरले तर? सूत्राने ८०० चे ८०६.४५ करता येतात, लोक करतातही. मी करत नाही. लीडस्क्रू इतका चुकत नाही. नटातला ढिलेपणा, स्पिंडलचं वाकणं किंवा मोजणाऱ्याची पट्टी चुकते. डायल लावून, एकाच दिशेने येत, लांब अंतर दोनदा मोजल्याशिवाय त्या आकड्याला हात लावू नये.

राहिला तो सगळ्यात छळणारा प्रकार: सुरुवात बरोबर, शेवट सरकलेला. त्यासाठी जॉबच्या बाजूला, टाकाऊ भागावर, शून्याच्या जागी पेन्सिलने एक बारीक फुली काढून ठेवतो. काम झाल्यावर झेड वर घेऊन टूलला पुन्हा एक्स ० वाय ० ला पाठवायचं. टूल फुलीवर आलं आणि तरी नक्षी चुकीच्या जागी असेल, तर दोष शून्याचा किंवा फाइलचा. पडदा शून्य म्हणतोय आणि टूल फुलीपासून बाजूला उभं आहे, तर मोजणी आणि वास्तव यांची फारकत झाली आहे. मोटरने ठोके गमावलेत, नाहीतर वाटेत काहीतरी घसरतंय. मग वेग आणि त्वरण कमी करून पाहायचं, दांड्यात अडकलेला भुसा काढायचा. तेव्हा $१०० ते $१०२ च्या आकड्यांशी खेळण्यात अर्थ नसतो.

हे मला उशिरा कळलं. गेल्या पावसाळ्यात तीन रविवार माझा वाय अक्ष दर जॉबला एक-दोन मिलिमीटर पुढे सरकत होता आणि मी $१०१ बदलत बसलो होतो: ८००, ८०४, ७९८. काका आले, त्यांनी सेटिंगकडे पाहिलंच नाही. मार्कर घेऊन मोटरच्या दांड्यावर आणि तो लीडस्क्रूला जोडणाऱ्या कपलरवर मिळून एक आडवी रेघ ओढली आणि जॉब चालवायला सांगितला. दहा मिनिटांनी रेघेचे दोन तुकडे झाले होते. कपलरचा छोटा स्क्रू सैल होता. ॲलन कीने तो आवळायला अर्धं मिनिट लागलं. $१०१ चा मूळ आकडा आठवायला मात्र पॅकिंगचा खोका माळ्यावरून काढून त्यातलं कागदपत्र शोधावं लागलं. त्या दिवशी $$ टाइप करून आलेली अख्खी यादी वहीत उतरवली, तारीख घातली आणि समोरच्या पानावर रिफिलने काढलेला ‘ग’ चिकटवला.